एमबीबीएसला घालायचंय? कागदांचं काम अकरावीतच सुरू करा

माझी मोठी मुलगी २०२५ च्या ॲडमिशनमध्ये सरकारी मेडिकल कॉलेजला एमबीबीएसला लागली. आमच्या भावकीत कुणी डॉक्टर नाही, मी तालुक्याच्या पतसंस्थेत कामाला आणि मिस्टरांची शेती, त्यामुळे या सगळ्यातलं आम्हाला काहीच माहिती नव्हतं. तिने दोनदा नीट (NEET, मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली, म्हणजे मी ही प्रोसेस दोनदा जवळून बघितली. आता आठवड्याला कुणाचा ना कुणाचा फोन असतोच, "ताई, पोराला अकरावी सायन्सला घातलंय, पुढं काय काय करायचं?" म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. अभ्यास कसा करायचा ते सांगणारे भरपूर आहेत. मला सांगायचंय ते कागदांचं आणि फॉर्मचं, कारण मार्क चांगले असून एका दाखल्यापायी सीट हुकलेली मुलं आणि त्यांच्या शेजारी डोकं धरून बसलेले वडील मी स्वतः बघितलेत.

एक आधीच सांगते, नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. मी लिहितेय ते २०२४ आणि २०२५ च्या अनुभवावरून. तुमच्या वर्षीचं सीईटी सेलचं (राज्यातल्या ॲडमिशन करणारं सरकारी ऑफिस) माहितीपत्रक निघालं की ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा, पेन घेऊन वाचा.

१. आधी दरवाजे किती आहेत ते समजून घ्या

एमबीबीएसला नीट द्यावीच लागते, कॉलेज सरकारी असो, खाजगी असो की अभिमत (डीम्ड). एमएचटी-सीईटीच्या पीसीबी ग्रुपवर मेडिकल मिळत नाही, तो फार्मसी, ॲग्रीकडे जातो. हे मला अकरावीच्या जूनमध्ये माहिती नव्हतं म्हणून सांगतेय.

आता सीटा. आपल्या सरकारी कॉलेजात समजा १०० सीट असतील तर १५ ऑल इंडिया कोट्यातून जातात, त्याचं काउन्सेलिंग म्हणजे सीटवाटप दिल्लीची एमसीसी (केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी) करते. उरलेल्या ८५ राज्याच्या, त्या आपला राज्य सीईटी सेल भरतो. खाजगी कॉलेजमधल्या ८५ टक्के सीटसुद्धा सीईटी सेलच्या मेरिटवरच भरतात, फी मात्र सरकारीपेक्षा कितीतरी जास्त, आणि बाकीच्या १५ टक्के इन्स्टिट्यूट कोट्याच्या असतात त्यांची फी तर त्याच्याही काही पट. अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या सीट एमसीसीकडून भरतात आणि तिथं बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखाच्या पुढचे आकडे दिसतात. नागपूरचं एम्स एमसीसीकडूनच. पुण्याच्या एएफएमसीसाठी पण नोंदणी एमसीसीवर करायची, पण पुढे त्यांची वेगळी टेस्ट आणि इंटरव्ह्यू असतो.

इथला सगळ्यात मोठा ट्रॅप ऐका. राज्याच्या ८५ टक्क्यांत बसायचं असेल तर महाराष्ट्राचं डोमिसाईल पाहिजे आणि दहावी, बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून पाहिजे. काही जण मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात नाहीतर हैदराबादला क्लासला पाठवतात आणि बारावीचा फॉर्मही तिकडच्याच कॉलेजातून भरतात. क्लास कुठंही लावा, पण बारावीला नाव महाराष्ट्रातल्या कॉलेजात ठेवा. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली झालेल्या पालकांसाठी वगैरे थोडी सूट आहे, ती माहितीपत्रकात बघा, पण आपल्यासारख्यांना ती लागू होत नाही.

२. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या

हे काम अकरावीच्या दिवाळीत करा, सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो. दहावीचं सर्टिफिकेट हा पाया धरायचा. त्यावर जसं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आहे तसंच्या तसं आधारवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, जातीच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर पाहिजे. आमच्या मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव नुसतं एका अक्षरात होतं आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दहावीपेक्षा वेगळं होतं. तेव्हा दुरुस्त केलं म्हणून बरं, निकालानंतर आधार सेंटरला जी गर्दी असते ती विचारू नका. नावच मोठं बदललं असेल तर राजपत्र करावं लागतं, त्याला वेळ जातो.

तसंच एक मोबाईल नंबर आणि एक ईमेल ठरवून ठेवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. नंबर घरातल्या माणसाचा पाहिजे. सायबर कॅफेवाल्याचा नंबर टाकू नका, ओटीपी त्याच्याकडे जातो आणि ऐन कॉलेजांचे चॉईस भरायच्या रात्री तो फोन उचलत नाही. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, मी त्यासाठी एक दोनशे पानी वही केली होती, त्यात प्रत्येक फॉर्मचा नंबर, तारीख, किती पैसे भरले, सगळं.

३. जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी (हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका)

ओपनमधल्या लोकांना हा भाग लागत नाही. बाकी एससी, एसटी, व्हीजे-एनटी, ओबीसी, एसबीसी, एसईबीसी या सगळ्यांनी लक्ष द्या. राज्याच्या कोट्यातून आरक्षणाची सीट घ्यायची तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, त्याची पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. आणि ते महिना-दोन महिन्यांत हातात येईल असं धरून चालू नका.

आमचं काय झालं ते सांगते. आम्ही ओबीसी. बारावीला असताना फॉर्म भरला, कॉलेजात दिला आणि निवांत बसलो. ती फाईल कॉलेजच्या टेबलावरच दोन महिने पडून राहिली, पुढे समितीकडे गेलीच नव्हती. कुणीतरी म्हणालं पावतीवर भागतं. काही वर्षी सरकार तशी मुदत देतंही, पण तेवढ्या भरवशावर मुलाचं वर्ष लावायचं का, तुम्हीच सांगा. म्हणून अकरावीतच अर्ज करा, कॉलेजकडून फाईल पुढे गेली का ते दर पंधरा दिवसांनी जाऊन विचारा. लाजू नका.

अर्ज ऑनलाईन भरायचा, शिक्षणासाठी नमुना १६, सोबत कॉलेजचं पत्र म्हणजे नमुना १५अ, आणि नमुना ३ व नमुना १७ ची प्रतिज्ञापत्रं, एकात वंशावळ येते. जातीचा दाखला ज्या जिल्ह्यातून काढला त्या जिल्ह्याच्या समितीकडे फाईल जाते, ती बहुतेक सामाजिक न्याय भवनात असते. एसटीच्या समित्या वेगळ्या आहेत.

खरी मेहनत आहे ती जुन्या पुराव्याची. मुलाचा दाखला, वडिलांचा दाखला हे घरातच सापडतं. पण ठराविक तारखेच्या आधीचा वडिलांकडच्या पूर्वजाचा जातीची नोंद असलेला कागद मागतात. त्या तारखा पाठ करा:

- एससी: १० ऑगस्ट १९५०
- एसटी: ६ सप्टेंबर १९५०
- व्हीजे-एनटी: २१ नोव्हेंबर १९६१
- ओबीसी, एसबीसी: १३ ऑक्टोबर १९६७

म्हणजे आजोबा, चुलत आजोबा, पणजोबा यांच्यापैकी कुणाचं तरी शाळेतलं नाव शोधायचं. आम्ही सासऱ्यांच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. हेडमास्तरांनी लोखंडी पेटी उघडली, जुनं रजिस्टर काढलं, पानं इतकी ठिसूळ की ते बोटांनी न उलटता लाकडी पट्टी सरकवून एकेक पान उलटत होते. तासाभराने १९४९ सालच्या पानावर सासऱ्यांचं नाव सापडलं, समोर जात लिहिलेली, अक्षर अगदी रेखीव. सासरे सोबत होते, त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. पण घोळ असा की शाळेत नाव होतं किसन आणि सातबाऱ्यावर, मतदान कार्डावर कृष्णा. हेडमास्तर म्हणाले, "ताई, हे गावोगावी असंच आहे, घाबरू नका, निर्गम उतारा आहे तसाच घेऊन जा." मग किसन आणि कृष्णा एकच व्यक्ती असं प्रतिज्ञापत्र केलं, वंशावळीत दोन्ही नावं लिहिली. समितीने एकदा त्रुटी काढली, तो मेसेज मोबाईलवर आला तो बघायला आम्हाला आठवडा लागला. म्हणून तो नंबर घरातला पाहिजे असं वर म्हटलं.

शाळेत नाही सापडलं तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, जुने फेरफार, खरेदीखत यात बघा, बऱ्याच जुन्या कागदांवर जात लिहिलेली असते. आणि वडील, काका, आत्या, चुलत भाऊ अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचीही व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर ती जोडाच, काम फार सोपं होतं. भावकीत बोलणं बंद असलं तरी त्या कागदापुरतं तरी जा. आम्ही गेलो होतो, आणि त्यांनी दिला.

४. बाकीची कागदपत्रं

ही यादी प्रिंट काढून फाईलच्या आत चिकटवा:

- दहावीचं मार्कशीट आणि सर्टिफिकेट
- बारावीचं मार्कशीट, शाळा/कॉलेज सोडल्याचा दाखला
- नीटचं ॲडमिट कार्ड (परीक्षेनंतर फेकू नका) आणि स्कोअरकार्ड
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, म्हणजेच डोमिसाईल
- आधार
- मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट, माहितीपत्रकात दिलेल्याच नमुन्यात
- जातीचा दाखला, व्हॅलिडिटी
- नॉन क्रिमीलेयर (एससी, एसटी सोडून बाकीच्यांना)
- ओपनमधून ईडब्ल्यूएस घ्यायचं असेल तर त्याचा दाखला
- उत्पन्नाचा दाखला, फी सवलतीसाठी
- वर्ष गॅप असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- डिफेन्स, दिव्यांग, डोंगरी भाग, सीमाभाग यातलं काही लागू असेल तर त्याचा कागद

यातल्या काही गोष्टींवर सविस्तर बोलते. नॉन क्रिमीलेयर ३१ मार्चपर्यंतच चालतं, आणि ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं लागतं. म्हणजे २०२५ च्या ॲडमिशनला ३१ मार्च २०२६ पर्यंतचं. कित्येक जण जुनं आहे म्हणून बिनधास्त राहतात आणि जुलैत कळतं की ते मार्चमध्येच संपलं. एप्रिल उजाडला की सेतूत जाऊन नवीन टाका. आठ लाखाच्या मर्यादेत पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे पण लक्षात ठेवा, शिक्षक किंवा क्लार्क असलेले बरेच पालक आपण बसत नाही म्हणून अर्जच करत नाहीत. आईवडिलांचं पद कोणत्या वर्गातलं हे मात्र बघतात.

दुसरं, राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा. ऑल इंडिया कोट्यात ओबीसीला २७ टक्के आणि ईडब्ल्यूएसला १० टक्के आरक्षण आहे, पण तिथं केंद्राच्या नमुन्यातला चालू आर्थिक वर्षातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. ईडब्ल्यूएसच्या केंद्राच्या दाखल्याला पाच एकर शेतीची आणि घराचीही अट आहे. आणि राज्यात एनटी असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात, धनगर, वंजारी वगैरे, तर त्यांनी केंद्राचा ओबीसी दाखला काढून ठेवावा. एसईबीसी हा प्रवर्ग केंद्रात नाही.

या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. बाहेर टेबल टाकून बसलेले लोक शंभर-पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावतात. सरळ आत विचारा.

सगळ्याचे पाच सेट झेरॉक्स आणि प्रत्येक कागदाचं वेगळं पीडीएफ मोबाईलमध्ये आणि ईमेलवर. स्कॅन स्वच्छ पाहिजे, चादरीवर ठेवून काढलेला फोटो अपलोड केला तर व्हेरिफिकेशनमध्ये परत येतो.

५. नीटचा फॉर्म आणि तो रविवार

२०२५ ला फॉर्म ७ फेब्रुवारी ते ७ मार्च होते, परीक्षा ४ मेला, निकाल १४ जूनला. फी ओपनला १७००, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला १६००, एससी-एसटी-दिव्यांगांना १०००. वयाची अट म्हणजे त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण.

फॉर्ममध्ये कॅटेगरी लिहिताना केंद्राची कॅटेगरी लिहायची असते, ती चुकली की ऑल इंडियात अडकता. राज्याची कॅटेगरी नंतर सीईटी सेलच्या फॉर्ममध्ये येते. शेवटच्या दिवशी साईट हळू चालते म्हणून पहिल्या आठवड्यातच भरा. पेपर मराठीतही निवडता येतो, मराठी-इंग्रजी दोन्ही छापलेलं असतं, शब्दाबद्दल वाद झाला तर इंग्रजी ग्राह्य धरतात.

परीक्षा दुपारी २ ते ५ होती, गेट दीडला बंद. दीड म्हणजे दीड. आमच्या समोर एक मुलगा एक पस्तीसला धावत आला, त्याची एसटी रस्त्यात बंद पडली होती, वॉचमनने गेट उघडलं नाही. सेंटर लांब असेल तर आदल्या रात्री तिथं मुक्कामाला जा, लॉज नको वाटला तर नातेवाईकांकडे. अर्ध्या बाहीचा साधा ड्रेस, चप्पल, कानातलं-गळ्यातलं काही नाही, पारदर्शक पाण्याची बाटली. ॲडमिट कार्डच्या दुसऱ्या पानावर पोस्टकार्ड साईझचा फोटो चिकटवून न्यायचा असतो, तो घरूनच चिकटवा. पेन आत देतात.

६. अभ्यासाचं मला जेवढं कळलं तेवढं

१८० प्रश्न, ७२० मार्क, तीन तास. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. बरोबरला चार, चुकीला एक वजा. आधी जे काही प्रश्न ऐच्छिक असायचे ते २०२५ पासून गेले. मार्क सारखे पडले तर आधी बायोलॉजीचे मार्क बघतात.

बायोलॉजीला एनसीईआरटीचं पुस्तक ओळ न ओळ, स्टेट बोर्डवाल्यांनी सुद्धा. माझ्या मुलीच्या पुस्तकाचं बाइंडिंग दोनदा करावं लागलं. शेवटचे चार महिने ती दर रविवारी बरोबर दोन ते पाच पेपर सोडवायची, ओएमआरच्या झेरॉक्स आणून गोळे काळे करायची. त्या वेळात घरात टीव्ही बंद, मिक्सर बंद, पाहुणा आला तरी ओसरीवर. पहिल्या वर्षी तिने घरी नुसते प्रश्न सोडवले होते, गोळे भरले नव्हते, आणि परीक्षेत शेवटचे अकरा प्रश्न येत असून भरायचे राहिले. गोळे काळे करायला तीस-पस्तीस मिनिटं सहज जातात हे घरी कळायला पाहिजे होतं.

लातूरलाच गेलं पाहिजे असं काही नाही. गेलात तर खोली, मेस, क्लास धरून खर्च मोठा आहे आणि मूल एकटं पडतं, सतरा वर्षांचं लेकरू असतं ते. तिथल्या अभ्यासाच्या वातावरणाचा फायदा होतो हेही खरं. मुलाचा स्वभाव बघून ठरवा, शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून नको. आणि दर रविवारी मार्क विचारायच्या आधी जेवलास का ते विचारा.

बारावीलाही दुर्लक्ष करू नका, पीसीबी मिळून ओपनला ५० टक्के, आरक्षणाला ४० टक्के लागतात.

७. निकाल आला की मार्क विसरा, रँक बघा

२०२४ ला माझ्या मुलीला सहाशेच्या वर मार्क होते. आम्ही पेढे वाटले. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून सगळे म्हणाले सरकारी पक्कं. नाही लागलं. त्या वर्षी मार्कांचा पूर आला होता, ७२० पैकी ७२० वाले कितीतरी होते. २०२५ ला तिला आधीपेक्षा साठेक मार्क कमी पडले, ती दिवसभर खोलीतून बाहेर आली नाही, आणि तिला सरकारी कॉलेज लागलं. फिजिक्स इतकं अवघड होतं की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते. २२ लाखांवर मुलं बसली होती त्या वर्षी.

म्हणून मागच्या वर्षीच्या मार्कांशी तुलना करू नका. ऑल इंडिया रँक घ्या, मागच्या वर्षीच्या सीईटी सेलच्या सिलेक्शन लिस्टची पीडीएफ काढा आणि तुमच्या कॅटेगरीत शेवटची सीट कोणत्या रँकला गेली ते कॉलेजवार वहीत लिहा. आम्ही दोघींनी एक रात्र बसून ते केलं. राज्याची मेरिट लिस्ट लागली की चित्र आणखी स्पष्ट होतं. मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे तेही त्या यादीत दिसतं. आधी विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा कोटा होता तो २०२० मध्ये रद्द झाला, तेव्हा त्याच्या आधीच्या याद्या बघून हिशेब करू नका.

८. दोन ठिकाणी नोंदणी करा

एमसीसी आणि सीईटी सेल, दोन्हीकडे. दोन्ही साधारण जुलैच्या सुमारास सुरू होतात. एमसीसीला ऑल इंडिया कोट्यासाठी ओपन आणि ईडब्ल्यूएसला १००० रुपये आणि १०,००० परत मिळणारं डिपॉझिट, एससी-एसटी-ओबीसी-दिव्यांगांना ५०० आणि ५०००. अभिमतचा पर्याय टिक केला तर ५००० आणि डिपॉझिट २ लाख, त्यामुळे जायचंच नसेल तर तो टिक करू नका. डिपॉझिट ज्या खात्यातून भरलं त्याच खात्यात परत येतं, म्हणून स्वतःच्या खात्यातून भरा.

राज्याच्या फॉर्ममध्ये एमबीबीएस-बीडीएस बरोबर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी हेही येतं. रँक काठावर असेल तर सगळं भरून ठेवा, नंतर घेता येत नाही. व्हेटर्नरीला मात्र वेगळा फॉर्म असतो.

९. चॉईस फिलिंग

इथं लोक उगाच डोकं लावतात. "हे कॉलेज आपल्याला लागणार नाही, मग वर कशाला टाकायचं?" असं करू नका. कॉम्प्युटर तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या मेरिटला जिथं पहिली सीट मिळते ती देतो. वर मुंबईच्या केईएमचं जीएस कॉलेज, पुण्याचं बीजे टाकल्याने खालचं कॉलेज हातचं जात नाही. तुम्हाला मनापासून हवंय त्या क्रमाने लिहा. आणि जिथं लागलं तरी जाणार नाही ते यादीत टाकूच नका.

क्रम कसा लावायचा? माझं मत सांगते. जुनी कॉलेजं आधी, कारण तिथं पेशंट आणि शिक्षक दोन्ही भरपूर: मुंबईचं ग्रँट, नागपूरचं जीएमसी, मिरज, संभाजीनगर, अंबाजोगाई. २०२४ मध्ये आपल्याकडे एकदम दहा नवीन सरकारी कॉलेजं सुरू झाली, जालना, हिंगोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा, गडचिरोली वगैरे. त्यांना नाकं मुरडू नका, सरकारी ते सरकारी, फी कमी. पण हॉस्टेल झालंय का, शव विच्छेदनाची सोय कशी आहे हे तिथल्या मुलांना फोन करून विचारा. आम्ही तीन कॉलेजच्या सीनियरशी बोललो, सगळी पोरं अगदी आपुलकीने बोलली.

यादी सेव्ह केल्यावर लॉक करून प्रिंट काढा. घाईत खालचं वर झालं तर कुणी ऐकत नाही.

१०. सीट लागली, आता

एमसीसीच्या पहिल्या राउंडला लागलेली सीट सोडली तर काही जात नाही, दुसऱ्या राउंडची सोडली तर डिपॉझिट जातं, त्यानंतर घेतलेली सोडता येत नाही. दोन्हीकडे सीट धरून बसता येत नाही, एमसीसीची घेऊन राज्याची घ्यायची असेल तर आधी तिकडचा राजीनामा ऑनलाईन करून घ्या, नुसतं तोंडी सांगून येऊ नका.

राज्यात एक स्टेटस रिटेन्शन फॉर्म असतो. मिळालेल्या कॉलेजवर खूश असाल, बदल नको असेल, तर तो भरायचा. नाही भरला तर पुढच्या राउंडला तुम्हाला वरच्या पसंतीचं कॉलेज मिळू शकतं आणि मिळालं की जुनी सीट गेली, परत मिळत नाही. आमच्या ओळखीत एका मुलाने हॉस्टेल घेतलं, मेस लावली, फॉर्म भरायचं राहिलं आणि पुढच्या राउंडला चारशे किलोमीटर लांब नाव लागलं. यादीत ते त्यानेच वर टाकलेलं होतं.

सरकारी सीटवर बाँड असतो, एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा. सही करायच्या आधी मुलाला वाचून दाखवा.

११. पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा

निकालानंतर फोन सुरू होतात, नंबर कुठून मिळतो देव जाणे. "सीट ब्लॉक करून देतो, आधी दोन लाख टाका." सरकारी आणि खाजगी सगळ्या सीट यादीतूनच भरतात, कुणी ब्लॉक करून देऊ शकत नाही. परदेशात पाठवतो म्हणणारे पण येतात. त्यांना तीन गोष्टी विचारा: कोर्स ५४ महिन्यांचा आहे का, तिथंच १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का, शिकवणं इंग्रजीत आहे का. २०२१ च्या नियमाप्रमाणे हे नसेल तर इथं येऊन प्रॅक्टिस करता येत नाही.

१२. फी आणि महाडीबीटी

वार्षिक उत्पन्न आठ लाखाच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून माफ आहे, खाजगी कॉलेजातसुद्धा, फक्त ॲडमिशन कॅपमधून (सीईटी सेलच्या राउंडमधून) पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नको. मुलांसाठी आणि बाकी प्रवर्गांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. हे सगळं महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी भरावं लागतं, एकदा भरलं की झालं असं नाही. मुलीच्या नावाचं बँक खातं आधारशी सीडिंग झालेलं आहे का ते बँकेत जाऊन आधीच बघा, नुसतं आधार लिंक आणि सीडिंग यात फरक आहे, आमचे पैसे त्यापायी अडले होते.

आणि रिपोर्टिंगच्या दिवशी कॉलेज सगळे ओरिजिनल कागद ठेवून घेतं. व्हॅलिडिटीसकट. जमा करताना प्रत्येक कागदाचं नाव लिहिलेली शिक्क्याची पावती मागून घ्या, रांग कितीही मोठी असली तरी. माझ्या मुलीने ती मागितली, तिथले क्लार्क म्हणाले नंतर ये, ती म्हणाली मी थांबते, आणि पाऊण तास टेबलापाशी उभी राहिली. शिष्यवृत्तीला, बँकेच्या कर्जाला, धाकट्या भावाच्या व्हॅलिडिटीला, सगळीकडे पुढे त्याच पावतीची झेरॉक्स लागली.